गेम खेळता ना? मग उघडूनही बघा!

आपल्या हॉस्टेलवर गेम खेळणारे पायलीला पन्नास सापडतील. गेम उघडून आत काय दडलंय ते बघणारे मात्र शोधावे लागतात! मेकॅनिकलवाले बाईक घेतली की आठ दिवसांत तिचा सायलेन्सर बदलतात. मग गेमच्या बाबतीतच आपण एवढे सोवळे का? माझं मत सरळ आहे. इंजिनिअरिंगला आलेल्या प्रत्येकाने चार वर्षांत निदान एक तरी मॉड स्वतःच्या हाताने करून बघावा.

मॉड म्हणजे तयार गेममध्ये आपण केलेला बदल. गाडीचा रंग, खेळाडूचा टी-शर्ट, इंजिनाचा वेग, नाहीतर अख्खा नकाशासुद्धा! हा काही चोरटा उद्योग नव्हे. १९९३ साली ‘डूम’ हा गेम आला तेव्हा आयडी सॉफ्टवेअरने त्याचे नकाशे आणि चित्रं मुद्दाम वेगळ्या फाइलमध्ये ठेवली, खेळणाऱ्यांना स्वतःच्या लेव्हल बनवता याव्यात म्हणून. आपण रात्र-रात्र जागवतो तो ‘काउंटर स्ट्राइक’ १९९९ मध्ये ‘हाफ लाइफ’चा मॉड म्हणूनच जन्मला. तो करणारे मिन्ह ली आणि जेस क्लिफ तेव्हा आपल्यासारखेच कॉलेजात शिकत होते. पुढच्याच वर्षी व्हॉल्व्ह कंपनीने तो विकायला आणला. २०१७ च्या ‘पबजी’चं मूळही ब्रेंडन ग्रीनने ‘आर्मा’ गेमवर केलेल्या मॉडमध्येच आहे. आपल्याकडचं उदाहरण हवं? ईए स्पोर्ट्सचा ‘क्रिकेट ०७’ २००६ मध्ये आला. त्यानंतर कंपनीने तसा नवा गेम काढलाच नाही. आयपीएल सुरू झाली २००८ मध्ये, तरी त्या जुन्या गेममध्ये आयपीएलचे संघ आणि जर्सी दिसतात. हे सगळं हौशी मॉडवाल्यांनी फुकटात केलेलं काम!

आता तुम्ही म्हणाल, ‘इथे सीमधली लिंक्ड लिस्ट डोक्यावरून जाते, गेम काय बदलणार?’ गंमत अशी, की सुरुवातीला प्रोग्रॅमिंग लागतच नाही. ज्यांच्याकडे २००३ ची पीसीवरची ‘व्हाइस सिटी’ असेल, त्यांनी तिच्या डेटा फोल्डरमधली हँडलिंग डॉट सीएफजी ही फाइल नोटपॅडमध्ये उघडावी. प्रत्येक गाडीची एक ओळ आणि त्या ओळीत नुसते आकडे. कुठला आकडा कशाचा, हे फाइलच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलंय. एका गाडीचं वजन दहापट करा, गेम चालू करा आणि समोरच्या गाडीला ठोका. बारावीला पाठ केलेला मोमेंटम तुमच्या डोळ्यांसमोर उडून पडेल!

नियम तीनच. पहिला, हात लावण्याआधी मूळ फाइलची कॉपी बाजूला ठेवा. दुसरा, एका वेळी एकच गोष्ट बदला. पाच आकडे एकदम बदलले आणि गेम बंद पडला, तर दोष कुणाचा हे ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. तिसरा, काय बदललं आणि काय झालं ते वहीत लिहा. प्रॅक्टिकलला आपण रीडिंग घेतो तसंच, फक्त इथे सीनियरच्या जर्नलमधून उतरवता येत नाही!

लॅपटॉप नाही? काही बिघडत नाही. ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ हा २०१७ चा गेम साध्या मोबाइलवर चालतो आणि त्यात बसचा रंग स्वतः रंगवायची सोय कंपनीनेच दिली आहे. त्या परक्या रस्त्यांवर आज आपली लालपरी धावते, शिवशाही धावते. कुणा ना कुणा हौशी मुलांनी ती रंगवलेली. आमच्या कर्जतला (नगरचं कर्जत बरं का, लोकल जाते ते नव्हे!) रेल्वे नाही, त्यामुळे आम्हाला बाहेरचं जग भेटलं ते एसटीतूनच. म्हणून कुठल्याही स्पोर्ट्स कारपेक्षा ‘कर्जत - मिरजगाव - नगर’ अशी पाटी लावलेली लाल गाडी स्क्रीनवर दिसली, की मला जास्त भारी वाटतं.

ही बस रंगवायची कशी? बसच्या दोन्ही बाजू, छप्पर, पुढचा-मागचा भाग उलगडून सपाट केलेलं एक चित्र असतं. ते मोबाइलवरच्या कुठल्याही चित्रांच्या अॅपमध्ये रंगवायचं आणि गेमच्या गॅरेजमध्ये जाऊन बसवर चढवायचं. उलगडलेला पृष्ठभाग... काही आठवलं? फर्स्ट इयरच्या ग्राफिक्समधली ‘डेव्हलपमेंट ऑफ सरफेसेस’ची शीट! जी आपण ट्यूब लाइटवर काच ठेवून छापतो, तिचा उपयोग काय ते इथे कळतं. पट्टा दारापाशी अर्धा इंच वर-खाली झाला, की बस भंगारातून आणल्यासारखी दिसते.

आता माझा खरा मुद्दा. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे मॉडसोबत येणारं इंग्रजी माहितीपत्रक वाचताना अडत नाही. माझी रूममेट जिल्हा परिषदेच्या शाळेतून आली. शीटवरचा उलगडा तिला माझ्याआधी दिसतो, रंगांची जाण तर विचारूच नका. पण इंग्रजीची दोन पानं समोर आली की ती मोबाइल माझ्याकडे सरकवते. हे मला खटकतं. अडचण तिच्या डोक्यात नाही, त्या दोन पानांत आहे. ती पानं मराठीत असती, तर माझी गरजच उरली नसती. तेव्हा या कॉलेजात जो कोणी मॉड करेल, त्याने सोबत मराठीत एक पान लिहावं - कुठली फाइल, कुठे टाकायची, बिघडलं तर काय करायचं. ‘फोल्डर’ला फोल्डरच म्हणा, पण वाक्य आपलं असू द्या.

थोडं पथ्यपाणीही. दुसऱ्याचा मॉड आपल्या नावावर खपवू नका, मूळ करणाऱ्याचं नाव ठेवा. ऑनलाइन सामन्यात मॉड घालून जिंकणं ही शुद्ध लबाडी आहे. आणि ‘मॉड’ म्हणून मिळालेली अनोळखी ईएक्सई फाइल डबल क्लिक करू नका, नाहीतर पेनड्राइव्हवरून व्हायरस हॉस्टेलभर साथीसारखा फिरेल.

सर आणि मॅडमना एक विनंती. रात्री खोलीत गेम दिसला की रागवा, तो तुमचा हक्कच आहे. पण एकदा ‘यात तू काय बदललंस?’ असंही विचारा. ज्याने काही बदललं असेल, त्याला मिनी प्रोजेक्ट म्हणून ते मांडू द्या. दुसऱ्याने लिहिलेलं समजून घेऊन, ते न मोडता त्यात भर घालणं, नोकरीतही बहुतेकांना हेच करायचं आहे ना?

तर मंडळी, कामाला लागा! पहिला विषय मीच देते. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून आमच्या नगरला (म्हणजे आताच्या अहिल्यानगरला) आली आणि २०२२ मध्ये त्याच तारखेला त्याच मार्गावर विजेवरची ‘शिवाई’ सुरू झाली. शिवाई रंगवणं सोपं आहे, ती रस्त्यावर दिसते. १९४८ च्या गाडीसाठी मात्र लायब्ररीत बसून जुने फोटो शोधावे लागतील, घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं लागेल. त्या दोन गाड्या जो कोणी मोबाइलवर शेजारी-शेजारी उभ्या करून दाखवेल, त्याला कँटीनचा चहा माझ्याकडून... आणि सोबत मराठीतलं ते एक पान असेल, तर वडापावही!