कोंबडा अंगावर का येतो?

आमचा पेशा कारकुनाचा. आठवडाभर खतावणीत डोके घालायचे आणि सुटीच्या दिवशी वस्तीतल्या बैठका करायच्या. कोंबड्यांशी आमचा संबंध ताटापुरताच. परंतु गेल्या दिवाळीत ताईच्या गावी गेलो आणि एका कोंबड्याने आम्हाला बरेच काही शिकविले. आपल्या पुष्कळ घरांच्या परसात आजही चार कोंबड्या असतात, म्हणून हा विषय.

ताईकडे दहा कोंबड्या आणि तीन कोंबडे. अंड्यांच्या पैशांतून पोरांच्या वह्या-पुस्तकांचे भागते. तिघांतला तांबडा कोंबडा माणसाच्या अंगावर धावायचा. आम्ही पोचलो त्याच्या आदल्या दिवशी त्याने आठ वर्षांच्या भाच्याच्या तोंडावर झेप घेतली होती. डोळ्याखाली बोटभर अंतरावर त्याच्या पायामागचा काटा लागला. ताईने जखम साबण लावून वाहत्या पाण्याने धुतली आणि दवाखान्यात नेऊन धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. हे तिने योग्यच केले. "भाऊ, बोटभर वर लागलं असतं तर मी काय केलं असतं रे?" एवढेच ती पुन:पुन्हा म्हणत होती.

दाजींचा निर्णय झाला होता: रविवारी कालवण. ताईचा जीव मात्र अडकला होता. तिला अंडी उबवायला ठेवायची होती. बाकीचे दोन कोंबडे तांबड्याच्या धाकाने कोंबड्यांजवळ फिरकतही नसत. आम्ही म्हटले, "दाजी, चार दिवस थांबा. आधी बघू तरी."

आम्ही ओट्यावर बसून पाहिले. कोंबडा दिसला की दाजी लाथ उगारायचे, ताई खराटा घ्यायची, पाहुणे किंचाळत पळायचे. दुसऱ्या संध्याकाळी भाचा हळूच येऊन बसला. म्हणाला, "मामा, आम्ही त्याला डिवचत होतो. मी नि माझे दोस्त. खुराड्यात काठी घालून. मग दोन कोंबड्यांची झुंज लावायचो." पोराच्या डोळ्यांत पाणी होते. आम्ही रागावलो नाही, पण करमणुकीसाठी प्राण्यांची झुंज लावणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे त्याला समजेल अशा शब्दांत सांगितले.

कोंबडा असा का वागतो? पाच-सहा महिन्यांचा झाला की तो वयात येतो आणि कळपावर हक्क सांगू लागतो. कोंबड्यांच्या कळपात कोणी कोणाला टोचायचे याची ठरलेली उतरंड असते. नॉर्वेच्या श्येल्डेरुप-एब्बे या अभ्यासकाने १९२२ साली जर्मन भाषेत ती मांडून दाखविली. माणूस त्या उतरंडीत ओढला गेला की पंचाईत होते. आपण लाथ मारली की कोंबड्याला वाटते, प्रतिस्पर्धी लढायला आला. आपण पळालो की वाटते, जिंकलो. दोन्हीकडून त्याची खोड पक्कीच होते.

झेप घेण्यापूर्वी तो सूचना देतो. मानेची पिसे फुलवतो, एक पंख खाली सोडून तिरपा तिरपा चालत येतो. अशा वेळी पळू नये, ओरडू नये, मारू नये. ताठ उभे राहावे, हातातली पाटी किंवा सूप पायांपुढे धरावे आणि त्याची रग उतरेपर्यंत जागचे हलू नये. मग शांतपणे आपल्या कामाला लागावे. दाणे त्याला हाताने भरवू नयेत, जमिनीवर पसरून टाकावेत. खुराड्यात जाताना त्याला कोपऱ्यात कोंडू नये. आणि लहान मूल अशा कोंबड्याजवळ एकटे कधीही सोडू नये. डोळ्याला इजा झाली तर घरगुती औषध न घालता तडक डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावे.

दुसरी चूक हिशेबाची होती. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. ताईकडे तीन! मग मारामाऱ्या होणार आणि कोंबड्यांच्या पाठीची पिसे जाणारच. ज्यांना फक्त अंडी खायची आहेत त्यांना तर कोंबडा पाळण्याचीही गरज नाही. कोंबडी कोंबड्यावाचूनही अंडी घालते, फक्त त्या अंड्यांतून पिल्ले निघत नाहीत.

काठ्या बंद झाल्या. लाथा बंद झाल्या. दीड महिना ताईने सगळे नेमाने केले. दाजींवर धावणे कमी झाले, पण मूल दिसले की तांबडा उसळायचाच. शेवटी ताईने मन घट्ट केले आणि त्याचे कालवण झाले. त्या दिवशी भाचा जेवला नाही. फोनवर म्हणाला, "मामा, चूक माझी नि मेला तो." यावर आम्हाला उत्तर सुचले नाही. खोड लागायला चार दिवस पुरतात, सुटायला कधी कधी जन्म पुरत नाही, एवढे मात्र कळले.

ताईने मग उरलेल्या दोघांतला काळा-पांढरा कोंबडा ठेवला, दुसरा विकला. हा काळा-पांढरा किडा सापडला की आवाज देऊन कोंबड्यांना बोलावतो, त्यांना आधी खाऊ देतो, आणि माणसापासून चार हात दूर राहतो. बीजासाठी असाच निवडावा, कारण कोंबड्याचा स्वभाव काही अंशी पिल्लांत उतरतो. अर्थात पाखराच्या वाणाचा हा हिशेब कोणी माणसाला लावू नये. त्या हिशेबाने आपल्या माणसांचे काय झाले ते आपण जाणतोच. शिवाय दिसण्यावरही जाऊ नये. असील हा झुंजीसाठी पोसलेला जुना वाण, पण त्यातले पुष्कळ कोंबडे माणसाशी अगदी शांत असतात.

कोंबडा बदलल्यावर निदान तीन आठवडे थांबूनच अंडी उबवायला ठेवावीत, कारण तोवर जुन्याचे बीज कोंबडीत उरलेले असू शकते. ताई थांबली, मग खुडूक कोंबडी बसवली आणि एकविसाव्या दिवशी पिल्ले निघाली.

आता रोज संध्याकाळी भाचा दहा मिनिटे पिल्लांपाशी बसतो. हात वरून घालत नाही, कारण वरून येणारी सावली पिल्लाला घारीसारखी वाटते. जमिनीलगत तळहातावर कण्या धरून गप्प राहतो. तलंगा अशाने माणसाळतात, हातात येतात. नर पिल्लांचे मात्र फार लाड करायचे नाहीत, हे त्याला आम्ही बजावले आहे. खेळण्यासारखा वाढवलेला कोंबडा माणसाचे अंतर विसरतो आणि वयात येताच अंगावर येतो.

त्याच्या डोळ्याखाली बारीक वण राहिला आहे. परवा ताई सांगत होती, शेजारची पोरे काठी घेऊन खुराड्याकडे आली तेव्हा भाचाच आडवा झाला. म्हणाला, "डिवचू नका. मला माहीत आहे, पुढं काय होतं ते."