मातीत राबायला आम्ही, अभ्यासायला कोण?

मुलींच्या शिबिरात ‘पुढे काय करणार?’ असे विचारले की भोर-वेल्ह्याकडच्या मुलींची उत्तरे ठरलेली असतात. नर्सिंग, पोलीस भरती, एमपीएससी, ब्यूटी पार्लर, नाहीतर ‘लग्न ठरलं तर काहीच नाही’. शिबिर घेणाऱ्या आपण कार्यकर्त्याही याच यादीची माहिती घेऊन गेलेल्या असतो. मातीवर संशोधन करायचे, पर्यावरणशास्त्रात पीएच.डी. करायची, विद्यापीठात शिकवायचे, असे कोणी म्हणत नाही आणि आपण सुचवतही नाही. जिच्या घरातल्या तीन पिढ्या मातीत हात घालून जगल्या, तिला मातीचा अभ्यास हा पोटापाण्याचा आणि मानाचा व्यवसाय होऊ शकतो हे कोणी सांगितलेलेच नसते. करिअर मार्गदर्शनवाल्यांवर सोडून द्यावा इतका हा प्रश्न लहान नाही. तो आपल्या चळवळीचा आहे, असे मला वाटते.

आधी या मातीत कोण काय करते ते पाहू. वेल्हे तालुक्याला आता ‘राजगड’ म्हणायचे सरकारने ठरवले आहे, पण लोकांच्या तोंडी वेल्हेच आहे. दोन्ही तालुक्यांत पश्चिमेला घाटमाथ्यावर धो धो पाऊस पडतो आणि पूर्वेला महामार्गाकडे येईतो तो निम्म्याहून कमी होतो. खाली खाचरात भात, वर वरकस उतारावर नाचणी आणि वरई. पावसाआधी राब भाजायचा. त्यासाठी शेण, पालापाचोळा, फांद्या गोळा करून डोक्यावरून वाहून आणायच्या, थर लावायचे, वर माती पसरायची आणि पेटवायचे. मग पेरणी, रोप उपटणे, भर पावसात वाकून लावणी, बेणणी, कापणी. नांगर आणि चिखलणी सोडली तर यातले बहुतेक काम बायका करतात. कर्ता पुरुष पुण्या-मुंबईला असला तर सगळेच करतात.

या कामातून ज्ञान तयार होते. राब का भाजता, असे विचारले तर बाया लगेच सांगतात की तण कमी उगवते आणि रोप उपटताना मुळाची माती मोकळी सुटते. कृषिशास्त्रज्ञ सांगतात की राबात शेण जळून वाया जाते, झाडे ओरबाडली जातात, मातीचा वरचा थर भाजतो. डॉ. ना. कृ. सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत राबाऐवजी रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख घालायला सांगितले आहे. शास्त्रज्ञांचे म्हणणे चुकीचे नाही. पण रोप सहज उपटते की नाही, हा प्रश्न ज्या कंबरेला पडतो ती कंबर प्रयोगाची आखणी करताना हजर नसते. बाईचे वाचलेले किंवा वाढलेले तास तक्त्यात कोणत्या रकान्यात लिहायचे, हे कोण ठरवणार?

माती म्हणजे नुसता मुरूम आणि खत नव्हे. चिमूटभर मातीत कोट्यवधी जीवाणू असतात. बुरशी, गांडुळे, वाळवी, डोळ्यांना न दिसणारे किडे पाचोळ्याचे अन्न करतात, मातीचे कण धरून ठेवतात, पाणी मुरवतात. या जिवंत मातीचा अभ्यास करणारे शास्त्र म्हणजे मृदा-परिसरशास्त्र. डोंगर जेसीबीने कापून प्लॉट पाडले, फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवे लागले, की या जगाचे काय होते, हे आपल्याकडे मोजायला हवे. सरकारची मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून मिळते. तिच्यात १२ गोष्टी तपासतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. माहिती उपयोगी आहे, पण मातीतल्या जिवांची नोंद तिच्यात नाही. आणि पत्रिका सहसा निघते ती सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याच्या नावाने. १९८६ साली चांदवडला शेतकरी बायका हजारोंनी जमल्या, पुढे ‘लक्ष्मी मुक्ती’ची हाक दिली गेली. इतक्या वर्षांनीही शेणाची पाटी वाहणारीचे नाव ना सातबाऱ्यावर येते, ना पत्रिकेवर.

हा अभ्यास आता कोण करते? पुणे इथून पन्नास-साठ किलोमीटरवर आहे. तिथे कृषी महाविद्यालय आहे, आघारकर संशोधन संस्था आहे, विद्यापीठाचा पर्यावरणशास्त्र विभाग आहे, १९९३ साली सुरू झालेली भारती विद्यापीठाची पर्यावरण संस्था आहे. सह्याद्रीत संशोधक पूर्वीपासून येत आले. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांवर केलेले काम आजही पायाभूत मानले जाते. अशा कामांचे मोल मोठे आहे. पण गावच्या बाईचा वाटा त्यात वाट दाखवणे, झाडाचे नाव सांगणे आणि चहा करणे एवढाच राहिला, तर ती कायम ‘माहिती देणारी’ राहते. तिची मुलगी ‘माहिती मिळवणारी’ का होऊ नये?

नाव मागे पडण्याची ही गोष्ट केवळ गावातल्या बायांची नाही. सेंद्रिय शेतीत ‘इंदूर पद्धती’चे कंपोस्ट सर्वांना ठाऊक आहे. होळकरांच्या इंदुरात अल्बर्ट हॉवर्ड यांनी ते काम केले आणि १९३१ साली हॉवर्ड व यशवंत वाड यांच्या नावाने पुस्तक निघाले. पण त्याआधीची पंचवीस वर्षे भारतात त्यांच्याबरोबर काम करणारी त्यांची पत्नी गॅब्रिएल केंब्रिजला शिकलेली, स्वतःचे संशोधन असलेली वनस्पतिशास्त्रज्ञ होती. तिला सरकारी पद मिळाले १९१३ साली, लग्नानंतर आठ वर्षांनी. १९३० साली ती वारली. आज कंपोस्टच्या प्रशिक्षणात तिचे नाव किती जणी ऐकतात? आपल्याकडच्या कमला सोहोनी, म्हणजे दुर्गाबाई भागवतांच्या बहीण, यांचे शास्त्र वेगळे, जीवरसायनाचे. पण १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला होता. त्या मागे हटल्या नाहीत, तेव्हा अटी घालून घेतले. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली.

‘आता तसे कुठे राहिले?’ असे कोणी म्हणेल. दार उघडले आहे, हे खरे. २०२१-२२ च्या सरकारी पाहणीनुसार देशात पीएच.डी. करणाऱ्या २.१२ लाख विद्यार्थ्यांत ९८,६३६ स्त्रिया होत्या, म्हणजे जवळपास निम्म्या. पण संशोधनाच्या नोकरीत २०१८ साली स्त्रिया होत्या फक्त १६.६ टक्के. मधल्या बायका कुठे गळतात?

या दोन तालुक्यांतल्या एका मुलीचे सांगते. नाव-गाव देत नाही. बारावी सायन्सला प्रॅक्टिकल संपेपर्यंत शेवटची एसटी जायची, म्हणून तिने नातेवाइकांकडे राहून शिक्षण केले. बी.एस्सी. झाली, पुण्यात एम.एस्सी. पर्यावरणशास्त्र झाली. घरी आई म्हणायची, “माती काय, रोजचीच हाय. त्यात सोळा वर्सं शिकायचं काय?” एका प्रकल्पात सहा-सहा महिन्यांच्या नेमणुकीवर लागली. मानधन चार-चार महिने थकायचे, खोलीचे भाडे मात्र थकवता येत नव्हते. नमुने आणायला डोंगरात जायचे म्हटले की प्रमुख म्हणत, “मुलींना फील्डवर पाठवायचं म्हणजे जबाबदारी कोण घेणार?” आणि मुलांना पाठवत. मग शोधनिबंधावर नावे फील्डवर गेलेल्यांची. एका देवराईत तिला विचारले गेले, “अडचण नाही ना?” पाळीच्या दिवसांत आत जायचे नाही. महिन्यातले चार दिवस नमुना घ्यायचा नाही, तर पावसाळ्यातल्या दर आठवड्याच्या नोंदी पुऱ्या कशा करायच्या? पुढे स्थळ आले. आज ती सासरी शिकवण्या घेते. तिला कोणी हाकलले नाही. प्रत्येक पायरीवर थोडे थोडे अवघड होत गेले, एवढेच.

आपल्यातल्याच काही मैत्रिणी विचारतात की हंड्याचा प्रश्न सुटला नाही आणि तू पीएच.डी.चे काय घेऊन बसलीस? शंका रास्त आहे. पण हंड्याचे निर्णय कशावर होतात? भोरहून वरंधा घाट उतरले की महाड तालुका. तिथल्या तळिये गावावर २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळली आणि ऐंशीहून जास्त माणसे गेली. आंबेगावातले माळीण ३० जुलै २०१४ रोजी गाडले गेले, दीडशेच्या वर माणसे गेली. त्यानंतर कोणता उतार धोक्याचा, कुठे घरे बांधू द्यायची, हे तज्ज्ञांच्या अहवालावर ठरते. पश्चिम घाटासाठी गाडगीळ समितीचा अहवाल २०११ साली आला, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ साली, आणि संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा आणखी एक मसुदा जुलै २०२४ मध्ये निघाला. यात राबावर, लाकूडफाट्यावर, चराईवर परिणाम होणार तो बाईच्या दिवसावर. निर्णय ज्या आकड्यांवर होतो ते आकडे गोळा करणाऱ्यांत आपली मुलगी नसेल, तर आपल्या वाट्याला नुसता मोर्चा उरतो. मोर्चा काढूच, पण हातात आपले आकडे असले तर तो वेगळा होतो.

दुसरी शंका उलट बाजूची आहे. गावच्या बाईला सगळे ठाऊकच असते, तिला पदवी कशाला? हे कौतुक मला धोक्याचे वाटते. अनुभवाचे सगळेच ज्ञान बरोबर नसते. डोंगर पेटवला की गवत चांगले येते, अशी समजूत आपल्याकडे आहे. पुढच्या पावसात किती माती वाहून जाते, ते मोजल्याशिवाय कळत नाही. मोजण्याचे शास्त्र आपल्या मुलींना नाकारून ‘पारंपरिक ज्ञाना’चे गोडवे गाणे म्हणजे तिला पुन्हा खाचरातच उभे करणे.

मग गटांनी काय करायचे? कौतुकाचे हारतुरे पुरे, हक्काच्या गोष्टी नीट माहीत करून घेऊ. मुलींना संशोधनासाठी नेट परीक्षेतून कनिष्ठ शिष्यवृत्ती मिळाली तर जानेवारी २०२३ पासून ती दरमहा ३७,००० रुपये आहे, आणि वयाच्या अटीत स्त्रियांना पाच वर्षांची सवलत आहे. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या शिष्यवृत्त्या आहेत. २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी स्त्रियांना दोन वर्षे जादा मिळतात आणि २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची वा बालसंगोपनाची रजा घेता येते. खंड पडलेल्या स्त्रियांसाठी केंद्राच्या विज्ञान विभागाची योजना २००२-०३ पासून आहे, आता ती ‘वाइज-किरण’ नावाने चालते. २०२४-२५ पासून राज्यात ठरावीक प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ आहे. कृषी पदवी त्यात येते. पण खोली आणि खानावळ माफ होत नाही. म्हणून तालुक्याच्या मुलींसाठी पुण्यात वसतिगृहाच्या जागा, प्रॅक्टिकलच्या वेळेला धरून एसटी आणि महिन्याच्या महिन्याला शिष्यवृत्ती, या मागण्या आपण लावून धरल्या पाहिजेत.

‘जबाबदारी कोण घेणार?’ याचे उत्तर कायद्यात आहे. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामानिमित्त जावे लागते ती जागा आणि नोकरी देणाऱ्याने पुरवलेले वाहनही कामाच्या ठिकाणात धरले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांत क्षेत्रभेटीची जागाही ‘आवारा’त येते. म्हणजे वेल्ह्याच्या डोंगरातही संस्थेची जबाबदारी सुटत नाही. सुरक्षितता देणे हे तिचे काम आहे, मुलीला घरी बसवणे हा त्याचा पर्याय होऊ शकत नाही.

आणि आपल्या गावात संशोधक आले तर ग्रामसभेत तीन प्रश्न विचारू. मदत करणाऱ्या बायांना रोज किती देणार? त्यांची नावे कुठे लिहिणार? निष्कर्ष मराठीत परत आणून कधी सांगणार? जैवविविधता कायद्याखाली ग्रामपंचायतीत समिती असते. २००४ च्या नियमांनी तीत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात असे सांगितले होते. गावाची जैवविविधता नोंदवही तिनेच करायची असते. ही नोंदवही ठेकेदाराकडून भरून न घेता गावच्या अकरावी-बारावीच्या मुलींना करू द्या. संशोधनाचा पहिला धडा त्यातच मिळेल.

पुढच्या शिबिरात व्यवसायांच्या यादीत ‘माती-संशोधक’ हा शब्द घालू या. एखादीने जरी विचारले, “ताई, त्याला काय शिकावं लागतं?” तर उत्तर आपल्याजवळ तयार हवे. तुमच्या तालुक्यातल्या मुली या वाटेवर कुठे अडल्या, कुठे पुढे गेल्या, ते जरूर लिहून कळवा.