पाणबुडी शाखेत महिलांच्या नेमणुकीबाबत निवेदन

प्रति,
मा. संरक्षणमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : पाणबुडीवर महिलांना पुरुषांच्या बरोबरीने नेमणूक मिळणे व नव्या पाणबुड्यांच्या आराखड्यात त्यासाठी तरतूद होणे.

महोदय,

बसवनगुडी येथील मराठी भाषक रहिवाशांतर्फे हे निवेदन सविनय सादर करण्यात येत आहे. मंगळूरचा किनारा येथून सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर असताना पाणबुडीचा विषय या वस्तीतून निघावा, हे काहीसे चमत्कारिक वाटेल; परंतु बुल टेंपल रोडवर अभियांत्रिकी शिकणाऱ्या ज्या मुलींना नौदलाच्या तांत्रिक शाखांत जावयाचे आहे, त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही.

नौदल अधिनियम, १९५७ च्या कलम ९(२) नुसार केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचित करील त्याच शाखांत महिलांना प्रवेश मिळतो. म्हणजेच दार उघडण्यास कायदा बदलावा लागत नाही, अधिसूचना पुरते. अशा अधिसूचनांच्या आधारे १९९२ पासून महिला अधिकारी व २०२२ पासून अग्निवीर योजनेतून महिला नौसैनिक दाखल होत आल्या, आणि २०२३ मध्ये ‘आयएनएस त्रिंकट’ या युद्धनौकेची कमान प्रेरणा देवस्थळी यांच्याकडे सोपविण्याचा निर्णय झाला.

पाणबुडीबाबत नेहमी पुढे येणारी अडचण जागेची आहे, आणि ती खोटी नाही. माझगाव गोदीत बांधलेली ‘खांदेरी’ सुमारे साडेसदुसष्ट मीटर लांब असून, यंत्रे, बॅटऱ्या व पाणतीर यांतून उरलेल्या जागेत चाळीसहून अधिक जणांना राहावे लागते. तथापि नॉर्वेने १९८५ मध्ये महिलांना पाणबुडीवर घेतले आणि १९९५ मध्ये सोल्वेग क्रे यांना जिची कमान दिली, ती ‘कोबेन’ याहून पुष्कळ लहान, जेमतेम ४७ मीटरांची होती. रशियन बनावटीच्या काही नौकांवर महिलांसाठी प्रसाधनगृहे नाहीत, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयानेही १७ मार्च २०२० रोजी नौदलातील महिला अधिकाऱ्यांच्या स्थायी नियुक्तीसंबंधीच्या निकालात ग्राह्य धरला नाही.

आरोग्याचा मुद्दा अधिक गंभीर आहे. बंद पाणबुडीत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण बाहेरच्या हवेपेक्षा जास्त राहते व त्याचा गर्भावर परिणाम होईल, या भीतीने ब्रिटनने महिलांना दीर्घकाळ बाहेर ठेवले. वैद्यकीय अभ्यासानंतर ती बंदी २०११ मध्ये उठविण्याचे ठरले, मात्र गर्भवतींना पाणबुडीवर न पाठविण्याचा नियम कायम राहिला. हाच भेद येथेही पाळला जावा, अशी निवेदनकर्त्यांची विनंती आहे.

डिझेल-विद्युत पाणबुडीला बॅटऱ्या भारण्यासाठी वारंवार पृष्ठभागाजवळ यावे लागते. ‘प्रकल्प ७५ (आय)’ मधील नियोजित सहा पाणबुड्यांत मात्र बाहेरच्या हवेवाचून चालणारी ऊर्जाव्यवस्था असल्याने त्या पाण्याखाली अधिक काळ राहतील आणि त्यामुळे आतील राहण्याची सोय अधिक महत्त्वाची ठरेल. पोलादी सांगाडा एकदा जोडला गेला की एखादी भिंत सरकविणेही दुरापास्त होते. म्हणून या पाणबुड्यांचे आराखडे अंतिम होण्यापूर्वी त्यांत पडद्याने वेगळे करता येतील असे बिछाने व कडी असलेले एक स्वतंत्र न्हाणीघर दाखविण्यात यावे. पाणबुडी प्रशिक्षणात महिलांना प्रवेश देण्याचे वेळापत्रक, निवडीचे निकष सर्वांना एकच ठेवून, जाहीर व्हावे. आणि बुडालेल्या पाणबुडीतून बाहेर पडताना घालावयाच्या सुटका-पोशाखाची मापे महिलांच्या बांध्यानुसारही ठरविण्याचे काम बंगळुरूतील ‘डेबेल’ या जैव-अभियांत्रिकी प्रयोगशाळेकडे सोपवावे. पोशाख सैल बसला तर आत पाणी शिरू शकते, आणि अशा वेळी पोशाख बदलून घेण्यास सवड नसते.

या मागण्यांवर झालेला निर्णय लेखी कळविण्यात यावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
निवेदनकर्ते रहिवासी
बसवनगुडी, बंगळुरू

प्रत माहिती व उचित कार्यवाहीसाठी : मा. नौदलप्रमुख, नवी दिल्ली