क्लॅरिनेटवाल्याचे नाव

मराठीच्या मास्तराने जाझवर लिहावे म्हणजे पुरणपोळीशेजारी केक वाढण्यातला प्रकार. पण दिवाळीच्या ताटात एक पदार्थ जास्त झाला म्हणून कोणी उठून गेल्याचे आमच्या अमरावतीत तरी ऐकिवात नाही. वर्गात विषय निघाला तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "जाझ म्हंजे बँडच न जी, सर?" अर्धे उत्तर त्यातच होते.

जाझ घडवले अमेरिकेतल्या काळ्या वादकांनी. तो मान त्यांचाच. पुढे पूर्व युरोपातली गरिबी आणि छळ मागे टाकून आलेल्या ज्यू कुटुंबांची मुले त्यात रमली. जॉर्ज गर्श्विन त्यांतलाच. त्याची १९२४ची 'रॅप्सडी इन ब्ल्यू' सुरू होते ती क्लॅरिनेटच्या लांबलचक मींडेने.

दुसरा बेनी गुडमन. बाप शिंपीकाम करणारा, घरात बारा भावंडे. शिकागोच्या एका सिनेगॉगमध्ये मुलांना वाद्ये शिकवीत. तेथे त्याच्या हाती क्लॅरिनेट आले. १६ जानेवारी १९३८ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्याची मैफल झाली. टेडी विल्सन आणि लायनेल हॅम्पटन हे काळे वादक त्याच मंचावर होते. काळ्या-गोऱ्यांनी सहसा एकत्र वाजवायचे नाही, असा रिवाज असलेल्या देशात हे सहभोजनच म्हणायचे! तरीही लोकांनी गुडमनला 'स्विंगचा राजा' केले, आणि त्याच्या कितीतरी गतींची वाद्यमांडणी करणारा काळा फ्लेचर हेंडरसन मागेच राहिला.

हे वाचताना मला गोवा आठवतो. तेथे चर्चच्या शाळांत पोरांना स्वरलिपी वाचायला शिकवीत. ती विद्या घेऊन ती पोटासाठी मुंबईला आली. १९३५ साली लिऑन ॲबी आपल्या काळ्या साथीदारांसह ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला आणि मुंबईला जाझची गोडी लागली. आल्डोन्याचा आंतोनियो शाव्हिएर वाझ 'चिक चॉकलेट' नावाने ट्रंपेट गाजवू लागला. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांनी, त्याला हाताशी धरले. १९५१च्या 'अलबेला'त तो पडद्यावरही दिसतो. त्या गाण्यांवर महाराष्ट्राने ठेका धरला; ट्रंपेटवाल्याचे नाव कितीजणांनी विचारले?

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तर प्यारेलालांचे व्हायोलिनचे गुरू. शिष्याने १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या एका गाण्यात गुरूचे नाव गुंफले. घरोघर ते गुणगुणले गेले. पण हे खऱ्या माणसाचे नाव आहे, हे पुष्कळांच्या ध्यानीमनीही नव्हते.

वर्गात ओव्या शिकवताना मी फळ्यावर 'कर्ता अज्ञात' असे लिहितो. जात्यावर बसलेल्या त्या बाईचे नाव काळाने पुसले, त्याला इलाज नाही. पण जो आपल्या डोळ्यांदेखत वाजवतो, ज्याच्या सुरावर आपली वऱ्हाडी मंडळी नाचतात, तोही अज्ञात राहावा, हा दोष काळाचा कसा? हा आपला आळस. सनई-चौघडेवाल्याला ओसरीवर आणि पाहुण्याला माजघरात बसवण्याची आपली जुनी खोड त्याच्या मुळाशी आहे.

आता तुळशीचे लग्न लागले की वराती निघतील. बिदागी देताना बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्याला त्याचे नाव आणि त्याच्या उस्तादाचे नाव विचारा. दोन्ही नावे सांगताना त्याची मान कशी ताठ होते, ते पाहा. यंदाच्या दिवाळीला एवढी ओवाळणी पुष्कळ झाली.