आईच्या रॅकेटचं काय झालं?

हैदराबादेत खेळाडू घडवणाऱ्या आईबापांच्या गोष्टी फार आवडीने सांगितल्या जातात. त्यातली सगळ्यांत लाडकी गोष्ट सायना नेहवालच्या घरची. वडील हरवीर सिंग कृषी संशोधनाच्या नोकरीत, घर राजेंद्रनगरकडे आणि सरावाचं लालबहादूर स्टेडियम तिथून सुमारे वीस किलोमीटरवर. पहाटे चारच्या सुमारास उठायचं, स्कूटर काढायची, मुलीला मागे बसवायचं. आठ-नऊ वर्षांची सायना वाटेत पेंगायची. ती पडेल या धास्तीने आई उषाराणीही स्कूटरवर मागे बसू लागल्या. २०१२ साली लंडनला ऑलिंपिकचं ब्राँझ आलं, तेव्हा ही स्कूटर देशभर गाजली.

एक तपशील मात्र गोष्ट सांगणारे घाईत उरकतात. उषाराणी स्वतः हरियाणात राज्य पातळीवर बॅडमिंटन खेळलेल्या. मुलीच्या रॅकेटचं पुढे काय झालं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आईच्या रॅकेटचं काय झालं, हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

मुलासाठी आईने स्वतःला बाजूला ठेवण्याच्या या गोष्टीच्या अगदी उलट उपदेशाचा अलीकडे सुकाळ आहे. लहान मुलं असली तरी स्वतःसाठी रोज थोडं काही करा: दोन पानं वाचा, दहा मिनिटं चाला, चार ओळी लिहा. जेम्स क्लिअर यांचं ‘अ‍ॅटॉमिक हॅबिट्स’ २०१८ साली आलं, मराठीतही उतरलं आणि छोट्या सवयींची भाषा घराघरांत पोचली. सल्ला वाईट नाही. पण त्यातून एक माणूस गाळलेला असतो. आई ती दहा मिनिटं चालायला जाते, तेव्हा मूल कुणाच्या कडेवर असतं?

टेनिसपटू सानिया मिर्झाची गोष्ट याच शहरातली, आणि ती या प्रश्नाला थेट भिडते. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिला मुलगा झाला, इझान. गुडघ्याच्या दुखापतीमुळे ती २०१७ च्या ऑक्टोबरपासून कोर्टाबाहेर होती. जानेवारी २०२० मध्ये ती होबार्टला कोर्टावर परतली आणि पहिल्याच स्पर्धेत युक्रेनच्या नादिया किचेनोकच्या साथीने दुहेरीचं विजेतेपद घेऊन आली. पुढच्या महिन्यात तिने आपले दोन फोटो शेजारी शेजारी टाकले. एकात वजन ८९ किलो, दुसऱ्यात ६३. वर्तमानपत्रांनी २६ किलोंचा आकडा उचलून धरला. त्या साऱ्या प्रकरणातला सर्वांत बिनकामाचा आकडा तोच होता.

कामाची गोष्ट सव्वा वर्षाने उजेडात आली. २०२१ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या स्पर्धांसाठी सानियाला व्हिसा मिळाला, पण दोन वर्षांच्या इझानला आणि त्याला सांभाळणाऱ्या व्यक्तीला मिळेना. तिने क्रीडा मंत्रालय गाठलं, मंत्रालयाने परराष्ट्र खात्यामार्फत ब्रिटनकडे शब्द टाकला. सहा ग्रँड स्लॅम विजेतेपदं नावावर असलेली खेळाडू, सराव चोख, जिद्दीला कमी नाही; गाडी अडली ती मूल सांभाळणाऱ्या माणसाच्या कागदपत्रांवर. बाकीच्या आयांचंही इथेच अडतं, फक्त त्यांच्यासाठी मंत्रालय शब्द टाकत नाही.

टेनिसलाही हे उशिराच कळलं. २०१९ पासून महिला टेनिस संघटनेने नियम बदलला आणि बाळंतपणानंतर परतणाऱ्या खेळाडूला तीन वर्षांच्या आत ठरावीक स्पर्धांत जुन्या क्रमवारीच्या आधारावर उतरता येऊ लागलं. म्हणजे मेहनत खेळाडूची, पण परतीची वाट नियमाने मोकळी करावी लागली. हैदराबादेतल्या कोंडापूरच्या फ्लॅटमध्ये तसा नियम कुणी केलेला नसतो.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी निघाली २८९ मिनिटं, पुरुषांची ८८. घरच्यांच्या देखभालीत बायकांची १३७, पुरुषांची ७५. ही सरासरी फक्त त्या दिवशी काम केलेल्यांची आहे. ज्यांनी पोळपाटाला हातच लावला नाही, ते यात धरलेले नाहीत. आधीच्या, २०१९ च्या सर्वेक्षणात घरकामाचे आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बायकांच्या वाट्याची दहा मिनिटं कमी झाली आणि पुरुषांचीही नऊ. वॉशिंग मशीनचा फायदा दोघांनी अगदी सारखा वाटून घेतला म्हणायचा.

सवय लागते कशी, यावर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास नेहमी सांगितला जातो. ९६ स्वयंसेवकांनी बारा आठवडे रोज एक साधी गोष्ट करायची होती. कुणी जेवणाबरोबर फळ खाल्लं, कुणी रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटं धावलं. २०१० मध्ये छापून आलेला निष्कर्ष असा: गोष्ट अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात, पण कुणाला १८ पुरतात तर कुणाला २५४ लागतील. एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही. ‘२१ दिवसांत सवय लागते’ या मंत्रापेक्षा हे लेकुरवाळ्या घरांना जास्त दिलासा देणारं आहे. रात्रभर ताप असलेल्या मुलाशेजारी बसलेल्या आईला सकाळी ‘साखळी तुटली’ असं फोनवरचं सवयी मोजणारं अ‍ॅप सुनावतं, त्याला काही अर्थ नाही.

पण याच अभ्यासातली दुसरी गोष्ट अडचणीची आहे. सवय रोजच्या एखाद्या ठरलेल्या घटनेला बांधावी लागते. दोन वर्षांचं मूल असलेल्या घरात ठरलेलं काय असतं? फार तर दुपारची झोप. तान्ही मुलं दिवसा दोन-तीनदा झोपतात, मग एकदाच, आणि तीन-चार वर्षांची होईतो तीही झोप जाते. आईने त्या झोपेला बांधलेलं वाचन, रियाज, शिवण तिच्याबरोबर जातं. ठपका मात्र आईच्या आळसावर.

मग आजी येते. हैदराबादच्या मराठी घरांत हे वेळापत्रक ठरलेलं आहे: कधी हिची आई, कधी त्याची, लातूरहून नाहीतर नांदेडहून, दोन-तीन महिन्यांच्या पाळीने. आजी आली की लेकीचं किंवा सुनेचं सकाळचं चालणं सुरू होतं, आजी परतली की बंद पडतं. त्या चालण्याचं श्रेय मग चालणारीच्या निश्चयाला द्यायचं की आजीला? आणि इकडे नातू सांभाळताना गावाकडचं तिचं भजनी मंडळ तिच्याविना चालतं, त्याचा हिशेब सवयींच्या एकाही पुस्तकात सापडणार नाही. जिथे आजी नाही तिथे मावशी असते, पगारी. तिचं स्वतःचं पोर त्या वेळात कुठल्या तरी वस्तीत शेजारणीकडे असतं. कुणाची तरी पंधरा मिनिटं दुसऱ्या कुणाच्या तरी तासांतून येतात, आणि हे नाकारून केलेला स्व-विकासाचा उपदेश अर्धवट राहतो.

एक सवय मात्र अशी आहे, जिच्यासाठी मुलाला दुसऱ्याच्या हाती द्यावं लागत नाही: त्याच्याच अभ्यासाला आपणही बसणं. तेलंगणाने २०१८ मध्ये कायदा करून राज्यातल्या शाळांत, मग त्या कुठल्याही बोर्डाच्या असोत, तेलुगू सक्तीची केली, पहिलीपासून टप्प्याटप्प्याने. त्यामुळे हायटेक सिटीत नोकरीला आलेल्या मराठी जोडप्याचं पोर संध्याकाळी तेलुगू अक्षरं गिरवत बसतं. या शहरात वर्षानुवर्षं राहून दुकानाची पाटी वाचता न येणारे मराठी लोक पुष्कळ आहेत. हिंदीवर भागतं, दखनीवर तर झकास भागतं. पण पोराच्या वहीशेजारी आपलीही वही उघडली तर वेगळा वेळ काढावा लागत नाही. वर्णमालेचा क्रम ओळखीचा, ‘ळ’ सुद्धा घरचाच. अडतं ते ए आणि ओ यांच्या ऱ्हस्व-दीर्घाशी, जो भेद मराठीत नाही. तिथे सहा वर्षांची मुलगी बापाची चूक काढते आणि दोघांचा अभ्यास लांबतो. मराठी-तेलुगूची ये-जा या शहराला नवी नाही. ‘पण लक्षात कोण घेतो’ ही हरिभाऊ आपट्यांची कादंबरी पी. व्ही. नरसिंह राव यांनी ‘अबला जीवितम्’ या नावाने तेलुगूत नेली. यमूचा संसार आणि तिची कुचंबणा यांची ती कादंबरी. तिच्या नावातला प्रश्न सव्वाशे वर्षांनंतरही शिळा झालेला नाही.

अक्षरं मांडीवर मूल घेऊन गिरवता येतात. पळणं, पोहणं, गाणं तसं होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या सूचनांत, व्यायाम निदान दहा मिनिटं सलग हवा ही जुनी अट काढून टाकली. आठवड्याची दीडशे मिनिटं तुकड्यातुकड्यांनी भरली तरी चालतात. ठीकच आहे. पण बाराव्या मजल्याचे जिने मूल कडेवर घेऊन चढणाऱ्या बाईला ‘बघ, तुझा व्यायाम झाला’ असं सांगण्यासाठी हा नियम वापरू नये.

त्यापेक्षा घरात एक वेळ आईच्या नावावर करून द्यावी. माधापूर-गाचीबोवलीच्या आयटीतल्या नोकऱ्यांत संध्याकाळ बहुतेक अमेरिकेच्या कॉलमध्ये जाते, तेव्हा सकाळ बरी. सव्वासहा ते पावणेसात मूल बाबाकडे. दूध, शी-शू, रडणं सगळं त्याच्याकडे. आईने परवानगी मागायची नाही, आणि त्या अर्ध्या तासात ती चालली, वाचत बसली की गॅलरीत नुसती उभी राहिली याची चौकशी बाबाने करायची नाही. मग तेवढाच वेळ त्याचा. आईबाप दोघंही वाढत्या वयातलीच माणसं आहेत आणि बापालाही लहानपणी सोडलेला तबला आठवतो. इथे भांडण होईल, पहिल्या महिन्यात हमखास होईल, कारण बाबाला डायपर कुठे ठेवलेत हे विचारायची सवय असते.

कायद्याला हा बाबा अजून दिसत नाही. प्रसूतीविषयक कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने रजा १२ आठवड्यांवरून २६ वर गेली आणि पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर बंधनकारक झालं. कामाच्या वेळेत दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाऊन मुलाला भेटायची मुभा कायद्यात आहे, पण ती फक्त आईला. केंद्र सरकारी नोकराला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी नोकरीतल्या बापाला ती देणारा केंद्रीय कायदा नाही. जे मिळतं ते कंपनीच्या मर्जीचं. पाळणाघराच्या आईच्या चार फेऱ्या तशाच ठेवून बापालाही दोन देण्यापासून मात्र कुठल्याही कंपनीला कायदा अडवत नाही. हायटेक सिटीतल्या मनुष्यबळ विभागांचं हे एका परिपत्रकाचं काम आहे, आणि ते काढायला अर्थसंकल्पात तरतूद लागत नाही.