टाळ आपल्याच हाती हवा

मुंबईच्या मध्यमवर्गाने अलीकडे 'साउंड बाथ' नावाचा एक उपचार जवळ केला आहे. नावात स्नान असले तरी पाण्याचा संबंध नाही. वातानुकूलित दालनात चटयांवर वीसेक माणसे डोळे मिटून शवासनात पडतात आणि प्रशिक्षक काशाच्या वाडग्यांच्या काठावरून लाकडी दांडा फिरवीत तासभर नादलहरी उठवीत राहतो. कामाचा ताण, निद्रानाश, चिडचिड या साऱ्यांवर हा उतारा असल्याचे सांगितले जाते. काळाचौकीतल्या एका उत्तुंग इमारतीत असे सत्र मीही अनुभवले. ज्या परिसरात एके काळी गिरणीच्या भोंग्यावर दिवस उगवे आणि मावळे, तिथेच हे नादस्नान आता शुल्क घेऊन घातले जाते.

अनुभव सुखद होता, हे आधीच सांगितले पाहिजे. वाडग्याचा नाद विरत जातो तसतसा श्वास मंदावतो. माझ्या शेजारचे गृहस्थ तर दहाव्या मिनिटाला घोरू लागले आणि ते घोरणेही त्या नादमेळात बेमालूम मिसळले. तेव्हा या प्रकाराला थोतांड म्हणण्याचा माझा मानस नाही. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी ६२ जणांची निरीक्षणे २०१६ साली प्रसिद्ध केली. अशा सत्रानंतर त्यांचा ताण व थकवा कमी झाल्याचे आढळले. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. नुसते तासभर स्वस्थ पडून किती लाभ झाला असता, हे त्यावरून कळत नाही.

प्रशिक्षकाने वाडग्यांना तिबेटची सहस्रावधी वर्षांची परंपरा म्हटले, ते मात्र खटकले. तिबेटी विहारांत घंटा आहेत, झांजा आहेत, धीरगंभीर मंत्रघोष आहे. वाडग्यांच्या अशा उपचाराला जुना आधार सापडत नाही. पाश्चात्त्य जगात ही आवड रुजविली ती हेन्री वुल्फ आणि नॅन्सी हेनिंग्ज यांच्या 'तिबेटन बेल्स' या १९७२ सालच्या ध्वनिमुद्रिकेने. परक्यांचा शिक्का उमटल्याविना आपल्याला काही पटत नाही, हा जुनाच रोग. एरवी नादाचे शास्त्र धुंडायला महाराष्ट्राबाहेर पाऊल टाकण्याचेही कारण नव्हते. तेराव्या शतकात यादवांच्या देवगिरीत, राजा सिंघणाच्या आश्रयाने, शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' सिद्ध केला. तो एकदम रागांकडे वळत नाही. मानवी देह कसा घडतो आणि त्यात प्राण व अग्नी यांच्या संयोगाने नाद कसा उत्पन्न होतो, याचे विवेचन तो आधी करतो. त्याच्या लेखी नाद माणसाच्या आतून उठतो.

लालबाग, परळ, काळाचौकीच्या चाळींनी हा ग्रंथ पाहिला नसेल, पण त्यातले मर्म त्या जगत होत्या. साचेखात्यात पाळीभर मागांचा खडखडाट कानांत साठवून कामगार खोलीवर परते. खोलीत दहा-पंधरा बिऱ्हाडकरू, बायकामुले कोकणात किंवा घाटावर, पगारातली मनीऑर्डर गेली की हातात उरणार ते खानावळीपुरते. ताण हा शब्द त्याच्या तोंडी नव्हता, ताण होताच. एवढ्या गोंगाटानंतर त्याला निःशब्दता हवी असेल असे आपल्याला वाटेल. तो भजनाला बसे. पेटी, मृदुंग, काशाचे टाळ. बुवांनी चरण घ्यावा आणि पंचवीस गळ्यांनी तो उचलावा. गजर चढत जाई आणि मध्यरात्री माणूस हलका होऊन पथारीवर पडे. पुन्हा पहाटे भोंगा होताच.

वाडगा आणि टाळ दोन्ही काशाचेच, म्हणजे तांबे आणि कथलाच्या मिश्रणाचे. एक दुसऱ्याने आपल्यावर वाजवायचा, दुसरा आपण वाजवायचा. या भेदाला वैद्यकाचाही आधार आहे. इटलीतील बर्नार्डी व सहकाऱ्यांनी २३ निरोगी व्यक्तींकडून 'ॐ मणि पद्मे हुम्' हा मंत्र म्हणवून घेतला, तसेच ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थनाही. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार दोन्ही वेळी श्वसन मिनिटाला सुमारे सहावर आले आणि हृदयाच्या लयीवर इष्ट परिणाम दिसला. जपमाळेनेही तेच साधले, हे मान्य करण्यात आपले काहीच उणे होत नाही. ती माणसे स्वतः म्हणत होती, हे लक्षात घ्यायचे. शाखेत सांघिक गीत म्हटलेल्या कोणालाही हे निराळे समजवावे लागणार नाही.

दुसरा भेद शेजाराचा. सत्र संपल्यावर आम्ही चटया गुंडाळल्या आणि उद्वाहनाने खाली उतरलो; कोणी कोणाचे नाव विचारले नाही. भजनात मात्र एखादा दोन वेळा दिसला नाही की तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्याच्या दाराशी उभे असे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या गेल्या, माणसे गावी आणि उपनगरांत पांगली, आणि मेळ तुटले. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयाचे काम हाती घेतले आहे. माग तिथे शोभेल. भजनाला तिथे पाठविण्याची वेळ अजून आलेली नाही.

अभ्युदयनगरसारख्या वसाहतींच्या आणि जुन्या चाळींच्या पुनर्विकासाची बोलणी वर्षानुवर्षे चालू आहेत. आराखड्यांत व्यायामशाळा असते, वाहनतळ असतो. भजनासाठी खोली मागितली की आवाजाची तक्रार पुढे येते. ध्वनिक्षेपक लावून शेजाऱ्यांची झोप मोडणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० नंतर घातलेला निर्बंध योग्यच आहे. परंतु ध्वनिक्षेपकाविना, संध्याकाळी आठ ते साडेनऊ, एका बंद खोलीत बसणाऱ्या वीस माणसांचा उपद्रव तो कोणाला? रहिवाशांनी करारावर सह्या करण्यापूर्वी ही खोली नकाशात लिहून घ्यावी. टाळांचे जोड नवे आणावे लागणार नाहीत. ते अनेक घरांत माळ्यावर आहेत.