नगरपंचायत मागायच्या आधी ग्रामसभेचा हिशेब मांडू

पोस्ट जरा लांब आहे, पण विषय आपल्या घरच्या नळाचा, नालीचा आणि घरपट्टीचा आहे. सवडीने वाचा.

डिसेंबरात नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या. मेहकरला ज्यांचं जाणं-येणं असते त्या सगळ्यांनी भोंगे ऐकले, गुलाल पाहिला. जिल्ह्यातल्या बहुतेक पालिकांवर जवळपास चार वर्षं प्रशासक बसले होते. ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सरकारला निवडणुका घ्या म्हणून बजावलं, तेव्हा कुठे हालचाल सुरू झाली. २ डिसेंबरला मतदान झालं, आणि दुसऱ्या दिवशी लागणारा निकाल २१ डिसेंबरवर गेला. अठरा दिवस उमेदवारांची झोप उडाली आणि चहावाल्यांचा धंदा झाला, ते वेगळं.

शेजारच्या शहरात गुलाल उडाला की मोठ्या गावांत एक प्रश्न निघतोच. "काऊन बा, आपलं गाव काय लहान आहे? मग आपल्याले नगरपंचायत काऊन नाही?"

प्रश्न चुकीचा नाही. जानेफळ काही दहा घरांची वस्ती नाही. पोलीस ठाणं आपल्याकडे आहे. मेहकर-खामगाव रस्ता आपल्या दारातून जातो. पंढरपूरहून परतताना गजानन महाराजांची पालखी मेहकर सोडून जानेफळला येते आणि इथून शिर्ला नेमाने, आवार करत खामगावला जाते. आजूबाजूच्या खेड्यांचा बाजार, शाळा, दवाखाना इथेच. मग वाटतं की गावाला शहराचा दर्जा मिळाला तर निधी येईल, रस्ते होतील, कचऱ्याची गाडी फिरेल.

माझं म्हणणं एवढंच आहे की, मागायच्या आधी बदल्यात काय द्यावं लागते तेही पाहून घेऊ. कारण नगरपंचायत झाली की गावातली एक गोष्ट कायमची जाते, आणि ती गेल्याचं कोणी सांगत नाही. ती गोष्ट म्हणजे ग्रामसभा.

आधी अटी काय आहेत ते पाहू. १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात लिहिलं आहे की, ज्या भागाची लोकसंख्या दहा हजार ते पंचवीस हजार आहे आणि जो खेड्यातून शहराकडे चालला आहे, तिथे सरकार नगरपंचायत करू शकते. महानगरपालिका किंवा 'अ' वर्ग नगरपरिषद पंचवीस किलोमीटरच्या आत असेल, तर निदान पंचवीस टक्के रोजगार शेतीबाहेरचा पाहिजे. त्याहून लांब असेल, तर निदान पन्नास टक्के. आपल्याजवळ पंचवीस किलोमीटरच्या आत महानगरपालिका नाही आणि 'अ' वर्ग नगरपरिषदही नाही. म्हणजे आपल्याला पन्नास टक्क्यांची अट. सोयाबीन-तुरीच्या भावावर ज्या गावातल्या दुकानदाराचीही दिवाळी ठरते, तिथे हा आकडा गाठणं सोपं नाही. मोताळा आणि संग्रामपूर या नगरपंचायती झाल्या, त्या तालुक्याचं ठिकाण असल्यामुळे. २०१४ मध्ये सरकारने तालुक्याच्या मुख्यालयांच्या ग्रामपंचायतींसाठी तसं धोरणच घेतलं होतं. आपण तालुका नाही. त्यामुळे "त्यांले भेटली, आपल्याले काऊन नाही" हे गणित इथे लागू होत नाही.

तरी धरून चालू की अट पूर्ण झाली. मग काय होईल?

मिळेल ते आधी सांगतो, कारण एका बाजूचंच सांगणं बरं नाही. पूर्णवेळ मुख्याधिकारी येतो. अभियंता, लेखा विभाग अशी माणसं येतात. शहरी योजनांचा निधी मागता येतो. विकास आराखडा होतो, म्हणजे रस्ता कुठे, बगीचा कुठे, हे कागदावर ठरते. वॉर्ड सतरा होतात आणि सतरा नगरसेवक निवडून येतात. हे सगळं खरं आहे आणि गाव वाढत असेल तर त्याची गरजही पडते.

आता जाते काय ते पाहा. केंद्राच्या ग्रामीण रोजगार कायद्यातून होणारी विहीर, गोठा, शेततळं ही कामं ग्रामीण हद्दीतली. हद्द शहरी झाली की त्या योजनेचं दार बंद. घरकुलाची ग्रामीण यादी संपते आणि शहरी यादीत नव्याने रांग लावावी लागते. घर बांधायच्या परवानगीचे नियम बदलतात. करपावतीत शिक्षणकरासारखे नवे रकाने येतात. शेतकरी, शेतमजूर असलेल्या घराने हा जमाखर्च स्वतः मांडून पाहावा.

आणि ग्रामसभा जाते.

तुम्ही म्हणाल, गेली तर गेली. ग्रामसभेत होते तरी काय? चार लोक बसतात, दोघं भांडतात, बाकीचे सही करून घरी जातात. अनेक गावांत हेच चालते, हे मान्य. पण ग्रामसभेच्या हातात कायद्याने काय काय दिलं आहे ते एकदा वाचा.

१९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस ग्रामसभेचा सदस्य आहे. निवडून यायची गरज नाही. तिकीट लागत नाही. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात आणि त्याआधी महिलांची वेगळी सभा व्हावी लागते. गावचा विकास आराखडा ग्रामसभा मंजूर करते. कोणत्या योजनेचा लाभार्थी कोण, ते ग्रामसभेत ठरायला पाहिजे. पंचायतीच्या विकासखर्चाला ग्रामसभेची मान्यता लागते. गावात काम करणाऱ्या सरकारी, निमसरकारी आणि पंचायतीच्या कर्मचाऱ्यांवर शिस्तविषयक नियंत्रण ठेवायचा अधिकारही कायद्याने ग्रामसभेला दिला आहे. थेट जनतेतून निवडून आलेल्या सरपंचावर अविश्वास आणायचा असेल, तर तीन चतुर्थांश सदस्यांनी ठराव करूनही भागत नाही, तो ग्रामसभेत गुप्त मतदानाने पास व्हावा लागतो. म्हणजे शेवटचा शब्द गावाचा.

आता नगरपंचायतीत यातलं काय आहे ते सांगा. सभा नगरसेवकांची असते. ठराव ते करतात, खर्च ते मंजूर करतात, कारभार मुख्याधिकारी चालवतो. नागरिकाला तिथे मत नाही. कायद्यात २००९ पासून शहरांसाठी 'क्षेत्रसभा' नावाची तरतूद आहे, म्हणजे वॉर्डातल्या मतदारांची सभा. कागदावर चांगली आहे. पण तुमच्या मेहकरच्या, चिखलीच्या, मोताळ्याच्या नातेवाइकाला एक फोन लावा आणि विचारा, "भाऊ, तुमच्या वॉर्डात क्षेत्रसभा भरली होती का कधी?" उत्तर काय येते ते मलाही सांगा.

प्रशासक ही काय चीज असते तेही आपण पाहिलं आहे. जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आला. पंचायत समितीचंही तेच. सदस्य नाही, सभापती नाही. गाऱ्हाणं सांगायला गेलं तर समोर बदलून आलेला अधिकारी, जो उद्या पुन्हा बदलून जाणार. या काळात निवडून आलेला माणूस आणि गावाची सभा असं दोन्ही ज्या पातळीवर टिकून राहिलं, ती पातळी ग्रामपंचायतीची. ग्रामपंचायतींवरही मुदत संपल्यावर प्रशासक आले, नाही असं नाही. पण तेव्हाही गावाची ग्रामसभा संपत नाही. सरपंच नसला तरी मतदार असतोच.

एक ताजं उदाहरण देतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने समृद्ध पंचायतराज अभियानात ग्रामपंचायतींना एक मुभा दिली. थकबाकीदाराने चालू वर्षाचा कर पूर्ण भरला आणि जुन्या थकबाकीचा अर्धा भाग एकरकमी भरला, तर उरलेला अर्धा माफ. वरून पाहिलं तर मस्त योजना. वसुली होते, गरिबाला दिलासा मिळतो, पंचायतीच्या खात्यात पैसा येतो.

पण आत पाहिलं तर यात गावाने भांडावं असा प्रश्न आहे. जी बाई दरवर्षी मार्चच्या आत मजुरीच्या पैशातून घरपट्टी-पाणीपट्टी भरते, तिला काय मिळालं? काही नाही. आणि ज्याने दहा वर्षं पंचायतीकडे पाहिलंच नाही, त्याला अर्धी सूट. दुसरी बाजूही आहे. ज्याच्या घरात दुखणं आलं, ज्याचं पीक गेलं, त्याच्या डोक्यावरचं ओझं खरंच कमी होते. मग सूट सगळ्यांना सारखी का? दुमजली इमारतवाल्याला आणि टिनाच्या खोलीत राहणाऱ्याला एकच माप का? नियमित भरणाऱ्यांची नावं फलकावर तरी लावायची का? वसुलीतून आलेला पैसा आधी कुठे लावायचा, पाण्याला की पथदिव्याला?

हे प्रश्न मंत्रालयात बसून सुटत नाहीत. कोणाची परिस्थिती खरी आणि कोणाची सोंगाची, हे गावालाच माहीत असते. त्यासाठीच ग्रामसभा आहे. तिथे हा विषय आला आणि आपण नव्हतो, तर मग नंतर पारावर बसून "थकवणाऱ्याचीच मजा आहे" म्हणण्यात काय अर्थ?

पैशाचंही तसंच. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२५-२६ पर्यंतच्या निधीत ग्रामपंचायतीचा वाटा ऐंशी टक्के होता, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेचा दहा-दहा. पंचायतीच्या हातात आलेल्या पैशातला साठ टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचं बंधन होतं. उरलेला चाळीस टक्के गावाच्या गरजेप्रमाणे. हा आराखडा आणि खर्च 'ई-ग्रामस्वराज'वर कोणालाही पाहता येतो. मोबाईल तर प्रत्येकाच्या हातात आहे. रील पाहायला दिवसाचा एक तास जातो, आपल्या गावाचं पान उघडायला दहा मिनिटं लागतात.

ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे किती माणसं? एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे आपल्यासारख्या गावाला फक्त शंभर. आपल्याकडे साध्या बारशाच्या पंगतीला याच्यापेक्षा जास्त पत्रावळी लागतात. आणि शंभर जमले नाहीत तर सभा तहकूब होते, मग तहकूब सभेला गणपूर्तीची अटच राहत नाही. दहा-पंधरा जण मिळून अख्ख्या गावाच्या नावाने ठराव करू शकतात, आणि ते कायद्याला धरूनच असते. कोणत्याही गावात आपण घरी राहिलो की फायदा कोणाचा होतो, ते यावरून समजून घ्या.

काही जण म्हणतील, "ग्रामसभेत बोललं की वैर होते. गाव लहान, तोंड रोज पाहावं लागते." हे खरं कारण आहे, मी त्याला हसणार नाही. ज्याच्या दुकानातून उधार आणतो, त्याच्या अतिक्रमणावर बोलणं सोपं नाही. ज्याच्या वावरात मजुरीला जातो, त्याच्यापुढे हात वर करणं तर आणखी कठीण. बायांना तर "तुम्हाले काय समजते" म्हणून खाली बसवणारे सगळीकडे असतात. त्यासाठी उपाय एकच, एकट्याने जायचं नाही. पाच-सात घरांनी मिळून जायचं. बोलायचं तेही माणसावर नाही, विषयावर. आणि तोंडी नाही, लेखी. आपला विषय आधीच अर्ज करून विषयपत्रिकेत घालायला सांगायचा, अर्जाची पोच घ्यायची. लेखी विषयाला माणसाचं तोंड नसते, त्यामुळे वैरही कमी होते.

आता वेळेचं सांगतो. जनगणनेसाठी प्रशासकीय हद्दी ३१ डिसेंबर २०२५ ला गोठल्या. माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. २०११ नंतर आपली मोजणीच झालेली नाही, म्हणून गावाची लोकसंख्या किती यावर पारावर रोज वेगळा आकडा निघतो. खरा आकडा त्या मोजणीनंतर येईल आणि नव्या नगरपंचायतीचा विषयही त्यानंतरच पुढे सरकू शकेल. म्हणजे आपल्या हातात तोवर वेळ आहे आणि तेवढ्या काळात ग्रामसभाही होतील.

मी म्हणतो, या सभा आपली परीक्षा समजू. येत्या ग्रामसभेला एवढं तरी विचारू:

मागच्या ग्रामसभेत झालेले ठराव कोणते आणि त्यातले किती पूर्ण झाले?

या वर्षी घरपट्टी-पाणीपट्टी किती जमा झाली आणि थकबाकी किती राहिली?

नळाला पाणी किती दिवसांआड येते आणि ते अंतर कमी करायला किती खर्च लागेल?

घरकुलाची यादी वाचून दाखवा. फलकावर लावली म्हणू नका, वाचून दाखवा.

उत्तर मिळालं तर सरपंच-सदस्यांचं आणि ग्रामसेवकाचं जाहीर कौतुक करू. चांगलं काम करणाऱ्याला शंभर लोकांसमोर शाबासकी मिळाली तर तो आणखी काम करतो. उत्तर नाही मिळालं, तर पुढच्या सभेला तोच प्रश्न पुन्हा लेखी.

एवढं करून झाल्यावरही गावाला वाटलं की ग्रामपंचायतीचा अंगरखा आता तोकडा पडतो आहे, तर नगरपंचायतीची मागणी जरूर करू. पण ती मागणीसुद्धा भरलेल्या ग्रामसभेच्या ठरावाने व्हावी, कोणाच्या वाढदिवसाच्या बॅनरवरून नको. सतरा खुर्च्यांपैकी एक आपल्याला मिळेल या आशेने काही जण घाई करतील. त्यांना फक्त एवढं विचारा की, आज ग्रामसभेत प्रत्येक मतदाराला एक जागा आहे, ती ते कशाच्या बदल्यात द्यायला निघाले आहेत?

पुढच्या सभेची नोटीस लागली की तारीख एकमेकांना कळवा. घरातल्या बायांना, तरुण पोरा-पोरींनाही सोबत आणा. शंभर माणसं पाहिजेत, जास्त नाही.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, नावासकट लिहा. जय महाराष्ट्र.